कात्रणांचा विडा

मी कुंभकोणमला आले त्या दिवशी भिंतीपलीकडे एक बाई कावळ्याला रागावत होती. "जा रे, जेवण जालें नाहीं अजून, तुज कोठून देऊं?" मी सांगलीची. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून त्याच्यामागे आलेली, तमिळचं एक अक्षर येत नसलेली, आणि सामान उतरवून घेताना पार रडकुंडीला आलेली. ते मराठी कानावर पडलं आणि मला वाटलं, शेजारी कोणीतरी मोठ्यानं बखर वाचत बसलंय. मी तशीच मळक्या साडीत त्यांच्या ओट्यावर जाऊन उभी राहिले. ही सुंदरीअक्काची आणि माझी पहिली भेट.

त्यांची माणसं तंजावरच्या मराठी राजांच्या काळात इकडे आली, आणि राज्य गेलं तरी परत फिरली नाहीत. भाषा घरात राहिली, तीही जशी आली होती तशीच. बाहेर पडलं की तमिळ. माझी मराठी ऐकून सुंदरीअक्का हसली होती. "तुझी मराठी फार घाईची," म्हणाली, "बस चुकणार अशी बोलतेस." मी तिला म्हटलं, तुझी मराठी पालखीतून उतरलीच नाहीये अजून. त्यावर ती अशी खदखदून हसली की हातातली कात्री खाली पडली. तिच्या हातात कात्री होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. पुढं इतकी वर्षं शेजारी राहिले, पण दुपारी तीननंतर तिच्या हातात कात्री नाही असा दिवस क्वचितच पाहिला.

तर ही कात्रीची गोष्ट सांगते.

सुंदरीअक्काचे सासरे सेतुराम राव. ती त्यांना मामंजी म्हणायची. तालुका कचेरीत कारकून होते. तरुणपणी त्यांच्या ओट्यावर दोन म्हातारे भांडले. कावेरीचं पाणी घाटाच्या वरच्या पायरीपर्यंत नेमकं कोणत्या वर्षी आलं होतं, यावरून. भांडण इतकं वाढलं की दोघांनी एकमेकांच्या घरच्या लग्नाला जाणं सोडलं. मामंजींना याचा भयंकर वैताग आला. हजारो वर्षांचं गाव आणि परवाचा पूर कोणाला आठवत नाही! दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वर्तमानपत्र कापायला सुरुवात केली.

त्यांचा नियम असा: वरच्या अंगाला कावेरी, खालच्या अंगाला अरसलार, या दोन नद्यांच्या मधलं जे घडेल ते आपलं. नदीपलीकडचं पलीकडच्यांनी कापावं. म्हणजे घरातली समई नदीपलीकडच्या नाचियारकोविलची, पण तिथल्या समया करणाऱ्यांचा संप झाला तर तो कात्रणांच्या वह्यांत नाही. तिरुनीलक्कुडीला बस उलटली, तीही नाही. पण त्याच बसमधल्या जखमींना गावातल्या दवाखान्यात आणलं, एवढा अर्धा परिच्छेद मात्र आहे. मला हा नियम ऐकून हसू आलं होतं. सुंदरीअक्काला आलं नाही.

कात्रणं जाड कागदाच्या वह्यांत चिकटवायची. मैद्याची खळ घरीच शिजवायची आणि तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायचं, म्हणजे कसर लागत नाही. कपाटात वेखंडाच्या पुरचुंड्या. आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढात, पण इकडं तेव्हा ऊन असतं, सगळ्या वह्या काढून उन्हात उघड्या ठेवायच्या आणि शेजारी काठी घेऊन बसायचं, कारण माकडं येतात. या वह्यांत काय नाही? नदीला पाणी कधी आलं आणि कधी नाही आलं. विड्याच्या पानांचे भाव. पितळेच्या भांड्यांच्या दुकानांच्या जाहिराती. बंद पडलेल्या सिनेमा थिएटरचा शेवटचा खेळ. कोणाचा मुलगा राज्यात पहिला आला, कोणाच्या दुकानाला आग लागली, कोणाची सोन्याची साखळी घाटावर गेली आणि कोणाला सापडली. मयतांचे चौकोनी फोटो. नुसतं चाळत बसलं तर संध्याकाळ कधी होते कळत नाही. मी बसत असे. मला ते परवडायचं, कारण मला उठून घरी जाता येत होतं.

सुंदरीअक्का सेलमची. तिच्या माहेरीही हीच मराठी, पण या घराची एक रीत तिला ठाऊक नव्हती. या घरात कोणतीही जबाबदारी तोंडानं सांगून देत नाहीत. ताटात विडा ठेवून देतात. दोन पानं, सुपारी, हळकुंड, नारळ, आणि ज्या कामाची जबाबदारी असेल त्यातली एखादी वस्तू. तंजावरच्या दरबारातून ही पद्धत घरात आली, असं मामंजी सांगत. ताटाला हात लावला की काम तुमचं. मग ते परत करता येत नाही. फक्त दुसऱ्या कोणी तसंच ताट तुमच्या हातून घेतलं, तरच सुटका. देवळाचा दिवा, म्हाताऱ्या आत्याचं औषधपाणी, विहिरीचा गाळ, सगळं असंच दिलं-घेतलं गेलेलं.

लग्नाच्या पहिल्या वर्षी सरस्वतीपूजा आली. देवीसमोर वह्या, कात्री, खळीची वाटी, सगळं मांडलेलं. तिचा नवरा चंद्रमौली एकुलता नव्हे, पण थोरला. रीतीप्रमाणे ताट त्याच्यापुढं यायचं. तो आदल्या दिवशीच गोविंदपुरमला भजनाला जातो म्हणून गेला होता. भजनाची त्याला आवड होती हे खरं. पण त्याआधी आणि त्यानंतर तो सरस्वतीपूजेच्या दिवशी कधी भजनाला गेल्याचं कोणी मला सांगितलं नाही.

मामंजींनी थोडा वेळ वाट पाहिली. मग नव्या सुनेला हाक मारली आणि ताट पुढं केलं. सणाचा दिवस, सुवासिनीला वडीलधारे विडा देतात, त्यात नवल काय? तिनं पदर डोक्यावरून घेतला, वाकून नमस्कार केला आणि ताट घेतलं. कात्री दिसली, पण तिला वाटलं पूजेतली आहे, चुकून राहिली असेल. आत गेल्यावर सासूबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. "घेतलास? बरें जालें गे बाई. मी भीत होतें, मजपुढें करतील म्हणून."

हे सांगताना सुंदरीअक्कानं सासूबाईंच्या सुटकेच्या श्वासाची नक्कल केली होती. आम्ही दोघी हसलो. 

तिचं वय तेव्हा बावीस. तिला शिवणकामाचा क्लास काढायचा होता.

माणूस नोकरीतून निवृत्त होतो, रजा घेतो, आजारी पडतो. वर्तमानपत्र रोज येतं. सुंदरीअक्काच्या सुट्ट्या म्हणजे छापखान्याच्या सुट्ट्या. पोंगलनंतर एक दिवस पेपर नाही, दिवाळीनंतर एक दिवस नाही, आणखी असेच दोन-चार. लोक सणाला आनंदतात, ही सणाच्या दुसऱ्या दिवशी आनंदायची. त्या दिवशी ती माझ्याकडे यायची आणि पाय पसरून बसायची. "आज जगांत कांहीं घडलें नाहीं," म्हणायची, "किती बरें वाटतें."

तिची आई वारली तेव्हा ती सेलमला तेरा दिवस होती. परत आली तर टेबलावर पेपरांचा गठ्ठा. मामंजींनी एकालाही कात्री लावली नव्हती. तारखेप्रमाणे नीट रचून वर दगड ठेवला होता. "तुजसाठीं ठेविले अहेत," म्हणाले, अगदी प्रेमानं. ते वाईट नव्हते, हेच तर अवघड होतं. दुष्ट माणूस असता तर मी इथं दोन शिव्या तरी लिहिल्या असत्या. ते रोज संध्याकाळी तिनं चिकटवलेलं पान पाहत, कडेनं बोट फिरवत आणि "देखणें जालें" म्हणत. गेले तेव्हाही हातात वहीच होती.

मग वाटेल, सासरे गेल्यावर तरी सोडून द्यायचं! मीही एकदा चिडून हेच म्हणाले. तिनं मला गप्प बसवलं नाही, नुसतं एक पान उघडून दाखवलं. कधीच्या काळच्या मोठ्या पुराचा फोटो होता. कमरेएवढ्या पाण्यात चार-पाच माणसं दोर धरून उभी. त्यातला एक अलमेलू नावाच्या बाईचा बाप. अलमेलू बसस्टँडजवळ फुलं विकते. बापाचा दुसरा फोटो तिच्याकडे नाही, कोणाकडेच नाही. दर वर्षी श्राद्धाच्या दिवशी ती अंघोळ करून येते, त्या पानापुढं बसते, फोटोला हात लावत नाही, लावला तर शाई जाईल म्हणून. मी तिला मोबाइलवर फोटो काढून दिला तर म्हणाली, ठेवते, पण येईन मी इथंच. तिला वाटतं बाप त्या कागदात आहे. "मी गेलें तर ही कोठें येईल?" सुंदरीअक्का म्हणाली. मला राग आला. मी ती वही मिटून कपाटात ठेवली.

चंद्रमौलींना दमा होता. खोटा नव्हता, मी त्यांची धाप स्वतः पाहिलेली आहे. पण तो वह्या उन्हात घालायच्या दिवसांत जास्त उफाळायचा आणि बाकी वर्षभर भजनाच्या आड यायचा नाही, एवढं मी शेजारीण म्हणून सांगू शकते. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं, जुन्या कागदाची धूळ यांना चालणार नाही. एक तर वह्या जातील किंवा हे. त्यांची मुलगी हरिणी कोइंबतूरला असते. ती गाडी घेऊन आली आणि वडिलांना घेऊन गेली. जाताना ते दारात थांबून बायकोला म्हणाले, "तूं पुस्तकांची सोय लावून ये." वह्यांना ते पुस्तकं म्हणत.

बस्स. तेव्हापासून सुंदरीअक्का सोय लावते आहे.

गावातल्या एका ग्रंथालयानं सांगितलं, जागा नाही. एका संग्रहालयानं सांगितलं, शंभर वर्षांपूर्वीचं असेल तर बघू. शंकरनारायण नावाचे इतिहासाचे एक प्राध्यापक मात्र मनापासून आले. त्यांनी महिनाभर मुलांना पाठवून सगळ्या वह्यांचे फोटो काढून घेतले, सगळं संगणकात घातलं. सुंदरीअक्का तो महिनाभर वेगळीच दिसत होती. रोज मोगरा माळायची. शेवटच्या दिवशी तिनं नवी साडी नेसून ताट तयार केलं आणि प्राध्यापकांपुढं धरलं. ते इथलेच. विड्याचं ताट कोणत्या हातानं येतं आणि कसल्या डोळ्यांनी येतं, हे त्यांना कळतं. त्यांनी दोन्ही हात जोडून छातीशी नेले. "अम्मा," ते म्हणाले, "कॉपी आमच्याकडे सुरक्षित आहे. म्हणूनच आता मूळ वह्यांना फार जपायला हवं. त्या तुमच्याहून चांगलं कोण सांभाळणार?" आणि तिच्या खांद्यावर शाल घातली. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, दुसरं काय करणार? शालीखाली ती ताट धरून तशीच उभी होती.

कुंभकोणमच्या पानाचं केवढं नाव! त्या ताटातलं पान मात्र कोणी उचलेना. ज्यांना रीत माहीत ते हात मागं घेत आणि ज्यांना माहीत नाही ते तिच्याकडे येत नसत. तिला चार दिवस कोइंबतूरला जायचं म्हटलं तरी मी पेपर जमवून ठेवायची. परत आली की ती आधी गठ्ठा बघायची आणि मग माझ्याकडे. गेल्या वर्षी चंद्रमौली न्हाणीघरात पडले. खुब्याला मार बसला. हरिणी दिवसभर ऑफिसात, ते एकटे. रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. सुंदरीअक्काचे हात खळीनं भरलेले असत, म्हणून ती फोन स्पीकरवर ठेवायची आणि मला सगळं ऐकू यायचं. आज जेवण गार होतं. आज गुडघा दुखला. तू कधी येतेस? तिलाही जायचंच होतं. उगाच नाही सांगत. एकदा मला म्हणाली, "जयश्री, मज तेथें त्यांच्या शेजारीं नुसतें बसायचें अहे. कांहीं न करितां. दोन म्हातारीं माणसें बसतात तशीं." एवढंच तिला हवं होतं, आणि तेवढंच मिळत नव्हतं.

या वर्षी धाकट्या दिराच्या मुलाचं, सूर्याचं, लग्न झालं. मुलगी शरण्या, चेन्नईची, तमिळ घरातली, कुठल्याशा कंपनीत नोकरी करणारी. गृहप्रवेश शुक्रवारी, सुंदरीअक्काच्याच घरी ठरला, कारण देव तिच्या घरी. आणि लग्नाच्या गडबडीत सूर्याची आई महालक्ष्मी स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "अक्का, मुलगी चांगली अहे. तीस आपली रीत कांहीं ठावी नाहीं. शुक्रवारीं ताट पुढें करा. घेईल. तुम्ही सुटाल." तिनं हे अगदी गोड आवाजात सांगितलं. तिला सुंदरीअक्काची कणव होती, यात शंका नाही. शिवाय ताट तिच्याकडे वळण्याआधी दुसरीकडे वळलेलं बरं, हेही होतंच.

 त्या संध्याकाळी फोनवर सुंदरीअक्कानं नवऱ्याला सांगितलं. ते एकदम उत्साहात आले. "बरें सुचलें तीस! नवी मुलगी. तीस काय ठावें? घेईल. मी हरिणीस तिकीट काढायास सांगतों." तिनं फोन ठेवल्यावर माझ्याकडे पाहिलं. मला विचाराल तर मला वाटलं, देऊन टाकावं. तिकडची मुलगी तरुण आहे, शिकलेली आहे, तिचं ती बघेल. माझी सुंदरीअक्का म्हातारी होत चालली होती.

शुक्रवार आला. देवापुढं समई लावलेली. शरण्या निळी साडी नेसून, डोक्यात फुलं माळून, आनंदानं इकडंतिकडं पाहत उभी. महालक्ष्मी भिंतीला टेकून, चेहरा अगदी साळसूद. मी दारात. सुंदरीअक्कानं ताट उचललं. दोन पानं, सुपारी, हळकुंड, नारळ, आणि कात्री. मी तिच्या हातांकडं पाहत होते.  मला वाटलं, झालं, ही सुटली.

शरण्या वाकली, नमस्कार केला, आणि ताटाखाली दोन्ही हात धरले. सुंदरीअक्कानं ताट सोडलं नाही. दोघींच्या चार हातांत ते ताट तसंच राहिलं. शरण्यानं वर पाहिलं.

मग सुंदरीअक्का तमिळमध्ये बोलू लागली. सावकाश, जसं लहान मुलाला रस्ता समजावून सांगतात तसं. हा नुसता सणाचा विडा नाही. हे घेतलंस तर त्या कपाटांतल्या वह्या तुझ्या. रोज पेपर आला की कापायचा. रोज चिकटवायचा. परत करता येत नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं. तुला सांगते.

"अक्का!" महालक्ष्मी भिंतीपासून सुटली.

शरण्यानं तिच्याकडं पाहिलंच नाही. "रोज?" तिनं विचारलं.

"रोज."

"मग बंद कधी करायचं?"

"तुझ्या हातून कोणी घेतलं की."

शरण्या क्षणभर कपाटांकडं पाहत राहिली. मग तिनं ताटाखालचे हात काढून घेतले. "नको, पेरियम्मा," मोठ्या काकूला हाक मारतात तसं ती म्हणाली. राग नाही, उद्धटपणा नाही. दुसऱ्यांदा भात वाढायला आलेल्याला सांगतात तसं. "मला नाही जमणार. माझी नोकरी आहे. तुम्ही आहात तोवर मी येऊन बघेन, मला बघायला आवडेल. पण सांभाळणार नाही." आणि तिनं वाकून पुन्हा नमस्कार केला. "कॉफी ठेवू का सगळ्यांना?"

ती आत गेली. भांड्यांचा आवाज यायला लागला. महालक्ष्मी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत तिच्या मागं गेली. समई जळत होती. काहीही झालं नाही. मी खरोखर वाट पाहत होते, काहीतरी होईल म्हणून. इतकी वर्षं त्या ताटाची एवढी धास्ती ऐकून माझ्याही मनात ती बसली होती.

सुंदरीअक्का ताट मांडीवर घेऊन खाली बसली.

"जयश्री, ती नको म्हणाली."

"ऐकलं मी."

"येवढेंच?"

"एवढंच."

आणि मग ती रडायला लागली. आईचं सांगताना रडली नव्हती, नवरा गाडीत बसला तेव्हा रडली नव्हती, शाल घातली तेव्हा तर हसून फोटो काढून घेतला होता. आता पदर तोंडात धरून, स्वयंपाकघरात ऐकू जाऊ नये म्हणून, हमसून हमसून रडली. "मजही म्हणतां आलें असतें," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मामंजी मारणार नव्हते. ते असे मनुष्य नव्हते. मी नुसतें नको म्हणतें तर ते ताट खालीं ठेविते. अय्यो, नुसतें खालीं ठेविते." मला तिचं सांत्वन करता आलं नाही. ती म्हणत होती ते खरं होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले आणि मला चंद्रमौलींचा, मामंजींचा, सासूबाईंचा, टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांचा, माझ्यासकट, संताप येत होता.

कॉफी आली. ती तिनं प्यायली. तोंड धुऊन आली आणि फोन घेतला. त्या दिवशी हाताला खळ नव्हती, तरी सवयीनं स्पीकरवर ठेवला.

"घेतला काय तिनें?" हॅलोच्या आधी चंद्रमौलींनी विचारलं.

"नाहीं. ती नको म्हणाली."

"नको म्हणाली? म्हणजे तूं तीस सांगितलेंस? सांगितलेंस कां?"

सुंदरीअक्कानं ताट फोनशेजारी ओढून घेतलं. "आतां तुम्हांस विचारतें," ती म्हणाली. "तुमच्या अप्पांचीं पुस्तकें अहेत. ताट येथें मजपुढें अहे. येवोन घ्याल काय?"

पलीकडं पंखा फिरत असल्याचा आवाज आला. एखादा श्वास ओढल्याचाही.

"मज कसें जमेल, सुंदरी?" ते म्हणाले. "माझा दमा तुज ठावा अहे. मज जमणार नाहीं." आणि तो श्वास संपायच्या आत, "सरि, बरें, तें असूं दे. तूं कधीं येतेस?"

सुंदरीअक्कानं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसतं नवल होतं. "ऐकिलेंस?" ती मला हलकेच म्हणाली. "सगळ्यांस येतें. मज एकलीस येत नव्हतें."

"काय म्हणालीस? कधीं येतेस?"

ती फोनवर वाकली.

"नको," ती म्हणाली.

"काय नको?"

तिनं थोडा विचार केला. मलाही ऐकायचं होतं. वह्या नकोत, की कोइंबतूर नको, की वह्यांची सोय लावूनच यायचं ही अट नको. तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना, आणि तिलाही अजून कळलेलं नसावं.

"आज येवढेंच म्हणायास शिकलें," ती म्हणाली. "काय तें उद्यां सांगतें." आणि फोन आधी तिनं ठेवला.